आडव्या जाणाऱ्या गाड्यांचा सिनेमा

तुम्ही दोघं परदेशी गेलात, त्याच्या आधीच्या मे महिन्यात पनवेलच्या घरात टीव्हीसमोर एक चटई आणि दोन खुर्च्या असत. चटई थोरलीची, एक खुर्ची तिच्या बयची आणि दुसरी माझी. माझ्या खुर्चीवर मी कधी नीट बसलेच नाही, कारण मला सारखं उठून स्वयंपाकघरात जावं लागे. जावं लागे, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं म्हणजे त्या दोघींना एकत्र बसलेलं मला बघवत नव्हतं.

धाकट्या, तू दीड वर्षाचा होतास, तुला यातलं काही आठवणार नाही. थोरले, तुला बरंच आठवत असेल, पण माझी बाजू तुला कुणी सांगितलेली नाही. म्हणून ती मीच लिहिते आहे.

तुमच्या आजोबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले होते, आणि आता मांडणी करायला घरच उरलं होतं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. तुमचे आईबाबा ऑफिस, व्हिसा आणि खारघरची जागा रिकामी करणं यात पार बुडालेले. धाकटा आईच्या कडेवर, आणि थोरली, शाळा संपल्या दिवसापासून, माझ्याकडे. अकरा वर्षांची होतीस तू. निघायच्या आधीचे आठ दिवस कुठे राहायचं, हे बाबांनी तुझ्यावरच सोडलं होतं. "आजीकडे राहा, नाहीतर करंजाला बयकडे. तुला पाहिजे तिथं." हे त्यानं माझ्यासमोर सांगितलं. मी म्हटलं, "हो, तिची इच्छा." पण त्या क्षणापासून माझ्या डोक्यात ते आठ दिवसच घोळत होते. मला ते हवे होते, आणि त्यातला एकही वाटून द्यायची माझी तयारी नव्हती.

बय म्हणजे माझी विहीण. तुमची आई तिला बय म्हणते, म्हणून तूही बयच म्हणायचीस. मी नुसती आजी. तुझ्या वर्गातल्या तीस मुलींना जशा आज्या होत्या, तशी एक. बयचं सगळं आयुष्य करंजा बंदरावर गेलं, पहाटेच्या मासळीच्या लिलावात आणि दुपारी बोंबील वाळत घालण्यात. माझ्या मुलानं कोळ्यांची मुलगी केली तेव्हा मी विरोध केला नाही. विरोध करणारी माणसं मला मागासलेली वाटत. पण विहीणबाईंशी माझं बोलणं लग्नात मानपानापुरतं आणि नंतर सणावारापुरतं. ती माझ्या घरी आली की एकदा तरी ताटातल्या मासळीकडे बघून म्हणायची, "विहीनबाय, हा बोंबील तुमी धुतला का धुपवला?" वास जावा म्हणून मी मासळी धूत राहते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे हसायचे. मीही हसायचे.

तर त्या मेमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला, पनवेलमध्येच. ऑपरेशननंतर करंजाला जा-ये नको, माझ्याकडेच राहू दे, हे मी सुचवलं. तुमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तो माझा चांगुलपणा वाटला. माझा हिशेब वेगळा होता. बयच इथे येऊन राहिली, तर थोरलीला करंजाला जायचं कारणच उरणार नाही.

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातून तिला घेऊन तुमचा मामा आला. तो द्रोणागिरीला गोदामात कामाला होता. त्यानं बयची पिशवी आणि सुक्या जवळ्याची पुडी माझ्या हातात दिली, आणि तुझ्या हातात एक सीडी. "तू ते कार्टून बगायचीस ना, गाड्यांचं, त्याचा खऱ्या मानसांचा पिच्चर आलाय." तू अशी उडी मारलीस की माझ्या हातातली पुडी पडली.

ती जपानी कार्टून मालिका तू मैत्रिणीच्या घरी कॉम्प्युटरवर बघितलेली होतीस. एका गॅरेजवाल्याची मुलगी डोंगरातल्या घाटात गाडी चालवते आणि भल्याभल्यांना हरवते, अशी काहीतरी गोष्ट. शर्यत सरळ रस्त्यावर नाही, उताराच्या वळणांवर. आणि वळणावर गाडी सरळ जात नाही, आडवी घसरत जाते. तोंड दरीकडे, गाडी रस्त्यावर. आता त्याच गोष्टीवर खऱ्या माणसांना आणि खऱ्या गाड्यांना घेऊन सिनेमा काढला होता. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले होते की मूळ पुस्तक वाचा, सिनेमा नंतर बघा. इथे मूळ पुस्तकच नव्हतं, तरी मी तुला म्हटलं, "मूळ कार्टूनच चांगलं असणार."

"कार्टूनमध्ये तिचे डोळे चांगले होते," तू म्हणालीस. "पण आजी, कार्टूनमध्ये गाडी घसरली तर काय, कुणीतरी नुसती काढलेली. इथं खरी घसरलीय. कुणीतरी खरंच आत बसलं होतं."

कार्टून जपानी असलं तरी सिनेमा चिनी लोकांनी काढलेला. बोलणं चिनी, आणि खाली इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, ही माझी जागा. बयला इंग्रजी येत नाही. तू वाचशील, पण तुझं लक्ष गाड्यांकडे. मी चष्मा लावून बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. ते इंग्रजी इतकं वाईट होतं की कर्ता एका वाटेनं आणि क्रियापद दुसऱ्या. मी वाचता वाचता दुरुस्त करत होते. गाड्या तिसऱ्या वळणावर आल्या तेव्हा मी अजून पहिल्या वळणाच्या वाक्यात होते.

"आजी, तू जरा गप्प बसतेस का?" तू म्हणालीस. रागानं नाही. मग मी स्वयंपाकघरात गेले.

बयला तर दिसतही नव्हतं. एक डोळा ऑपरेशनचा, वर डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा, आणि सिनेमातला घाट सगळा रात्रीचा. तिला फक्त दिव्यांचे ठिपके हलताना दिसत. ती विचारायची आणि तू सांगायचीस.

"आता कोन म्होरं हाय?"

"लाल गाडी."

"आनि आपली पोरगी?"

"तिच्या मागं. आता बघ बय, आता ती गाडी आडवी करणार."

"आडवी का करते गो? सरल जायला काय झालं?"

"सरळ गेली तर वळणावर स्पीड कमी करावा लागतो. मागची चाकं घसरवून ती गाडी वळवते. त्याला ड्रिफ्ट म्हणतात."

बय हसायला लागली. "आमची होरी पन अशीच वलते. वलवायचा सुकानू मागं असतो ना. पयलं ढुंगान वलतं, मंग तोंड."

तू चटईवर लोळून हसलीस. "बय, परत सांग."

तिनं परत सांगितलं, आणि हातानं दाखवलंही. एक हात पाणी, दुसरा हात होडी. भरती असली की करंजाच्या धक्क्याकडे तोंड करून कधी जायचं नाही, प्रवाह ओढून नेतो. तोंड भलतीकडं ठेवायचं, तेव्हा होडी बरोबर धक्क्याला लागते. तू ते दोन्ही हात धरलेस आणि टीव्हीतल्या वळणाबरोबर फिरवत राहिलीस. दारातून मी बघत होते. माझ्या हातात वरणाची पळी होती आणि तिच्यातून थेंब थेंब फरशीवर पडत होतं. मला ते नंतर पुसताना कळलं.

मी चार भाषांच्या शब्दकोशांत आयुष्य घालवलेली बाई. ड्रिफ्ट या शब्दाचा अर्थ मला विचारला असता तर मी उगमापासून सांगितला असता. मला कुणी विचारला नाही.

त्यानंतर तो सिनेमा रोज लागायला लागला. दुपारी वीज जायची, ती आली की पहिला टीव्ही. मी ठरवलं, असं हातावर हात ठेवून बसून चालणार नाही. दोन दुपारी तुम्ही दोघी झोपलेल्या असताना मी आवाज बंद करून सिनेमा लावला, एकेक वाक्य थांबवून लिहून घेतलं आणि त्याचं स्वच्छ मराठी केलं. डावीकडे क्रमांक, मध्ये कोण बोलतं ते, उजवीकडे वाक्य. दोनशे पानी वहीची अडतीस पानं भरली. निवृत्तीनंतर इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं. वहीला खाकी कव्हर घालून तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या उशाशी ठेवली.

तुला ती खरंच आवडली. "आजी, तू सगळं लिहिलंस?" म्हणून तू मला मिठी मारलीस. ती मिठी मी दुपारपर्यंत अंगावर घेऊन फिरत होते.

दुपारी वीज गेली आणि तू ती वही घेऊन बयच्या खुर्चीपाशी बसलीस. टीव्ही नव्हता, तर आख्खा सिनेमा तू तिला वाचून दाखवायला घेतलास. माझ्या वहीतून.

मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. निदान वाक्यं तर माझी आहेत, असं मनाशी म्हणत ऐकत होते.

तू वाचलंस, "गॅरेजवाला म्हणतो, माझी मुलगी प्रत्येक वळणावर सुंदर भरकटते."

"कोन भरकटली?" बयनं विचारलं.

"ती मुलगी. गाडीतली."

"मंग घरी कशी आली?"

"अगं बय, ती जिंकली."

"भरकटलेलं घरी येत नाय गो," बय म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आलं तं देवाची किरपा."

ड्रिफ्टला मी सगळीकडे 'भरकटणे' केलं होतं. कोशात पहिला अर्थ वाहवत जाणे, दुसरा भरकटणे. दुसरा मला जास्त मराठी वाटला. अडतीस पानांत तो शब्द किती वेळा आला असेल. माझ्या घरात भरकटतात ती माणसं, कॉलेजात जाऊन अभ्यास न करणारी. बयच्या घरात होडी भरकटते.

मग तिनं तुला सांगितलं. तिच्या मोठ्या भावाच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं, वारा जमिनीकडून होता, आणि होडी भरकटली. "चार मानसं व्हती. तिसऱ्या दिशी होरी गावली. तीन मानसं गावली. माजा भाव नाय गावला." तेव्हा ती तुझ्याएवढी होती. तिची आई पुढे कितीतरी दिवस धक्क्यावर जेवण घेऊन जायची.

मी घडी हातात घेऊन दारात आले. तू खुर्चीच्या हातावर चढून बसली होतीस आणि तिचा हात तुझ्या मांडीवर होता. मला लाज वाटायला हवी होती, शब्द माझा होता. थोडी वाटलीही. पण जास्त काय वाटलं, ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहिते आहे. मला तिच्या त्या दुःखाचाही हेवा वाटला. तुमचे आजोबा गेले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि मी तुझ्यासमोर एकदाही रडले नव्हते. मुलांसमोर रडू नये, असं मी मानत आले. त्यामुळे माझा हात कुणी मांडीवर घेतला नव्हता.

तू पेन्सिल घेतलीस. "मग इथं काय लिहू, बय?"

"लिव, मुद्दाम वलली."

माझ्या शाईतल्या शब्दावर तू काट मारलीस आणि वर ते लिहिलंस. 'वलली'च लिहिलंस. मग मान वर करून मला म्हणालीस, "आजी, मी शेवटचे आठ दिवस करंजाला जाऊ? मला होडी वळताना बघायचीय."

"बघू," मी म्हटलं.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. थोरली करंजाला जाईन म्हणते, पण बयला घरी कधी सोडायचं, दवाखान्याच्या कार्डावर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. कार्ड इंग्रजीत होतं आणि माझ्या फाइलमध्ये होतं. औषधांच्या वेळांचा तक्ताही मीच करून भिंतीवर लावला होता. त्यामुळे या बाबतीत माझ्यावर कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं. मी कार्ड उघडलं. एका आठवड्यानं दाखवावे, सर्व ठीक असल्यास घरी जाण्यास हरकत नाही, असं त्यावर सरळ छापलेलं होतं.

मी वाचल्यासारखं करून फोनमध्ये सांगितलं, "तीन आठवडे प्रवास नको. धूर, धूळ आणि खारा वारा वर्ज्य."

खारा वारा मी माझ्या पदरचा घातला. आयुष्यात मी कधी कुणाला छापील अक्षर खोटं वाचून दाखवलं नव्हतं. बय समोरच बसली होती. तिनं नुसता चष्मा सारखा केला. तू मात्र उठून गॅलरीत गेलीस.

पुढचे दोन दिवस टीव्ही बंद होता. तू माझ्याशी नीट बोलत होतीस, जेवत होतीस, सांगितलेलं करत होतीस. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण ताटं वाढताना तिघींमध्ये फक्त भांड्यांचा आवाज व्हायचा.

तिसऱ्या दिवशी बयच्या डोळ्यात थेंब घालायची पाळी तुझी होती. थेंबाची दुसरी बाटली कधी सुरू करायची ते बघायला तू फाइल काढलीस. मी कणीक मळत होते. तू कार्ड घेऊन ओट्यापाशी आलीस.

"आजी, इथं तू सबटायटल चुकवलंस."

मी म्हटलं, "बघू, कुठे?"

"इथं वन वीक आहे." तू बोट ठेवलंस. "आणि खारा वारा कुठं आहे?"

"माझा चष्मा..." मी सुरुवात केली. तू माझ्याकडे बघत होतीस. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

"मला तू इथंच हवी होतीस," मी म्हटलं.

तू कार्डाची घडी केलीस, होती तशीच. "मग तसं म्हणायचं ना," तू म्हणालीस. "मी काय भरकटणार होते?"

हात धुऊन मी बयकडे गेले. ती लसूण सोलत होती. विहीणबाई, माझी वाचण्यात चूक झाली, तुम्हाला जायला हरकत नाही, असं मी सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"डाक्तरनी मला तवाच सांगितलं व्हतं, मराठीत. आठ दिसांनी घरी जावा म्हनून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्हनलं, तुमाला घरात मानूस पायजे असंल. लेक जानार, पोरं जानार. ऱ्हाते म्हनलं." पाकळी ताटलीत टाकून ती म्हणाली, "आता तुमी पन चला करंजाला. पोर दोघींना बगल. घर काय पलून जातंय?"

मी म्हटलं, घर बंद करून कसं येणार, दूधवाला येतो, झाडांना पाणी कोण घालणार. ही सगळी कारणं खरी होती. पण मी नाही म्हटलं ते तिच्या घरी पाहुणी म्हणून जायचं नव्हतं म्हणून. तुमच्या आईलाही मी फोनवर वाचण्यात चूक झाली एवढंच सांगितलं. मामा टेम्पो घेऊन आला, तुम्ही दोघी गेलात, आणि मी खुर्च्या परत जेवणाच्या टेबलाशी लावल्या.

चार दिवस काढले. रोज संध्याकाळी तू फोन करायचीस आणि मी विचारायचे, जेवलीस का, टोपी घालतेस का. पाचव्या दिवशी सकाळी शेजारणीकडे किल्ली दिली आणि उरणची एसटी पकडली. तिथून रिक्षानं करंजा.

बय दारातच दिसली. काळा चष्मा लावून बोंबलांच्या काठ्यांवरून कावळे हाकत होती. मला बघून आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. "धक्क्यावर हाय पोर," म्हणाली. "जावा, मी च्या टाकते."

तू धक्क्याच्या टोकाला दोन मुलींबरोबर उभी होतीस, उन्हानं काळी झालेली. धावत आली नाहीस. हात करून मला बोलावलंस, आणि मी पोचल्यावर मनगट धरून पाण्याकडे वळवलंस. एक होडी आत येत होती. तोंड आमच्याकडे नव्हतंच, पार पलीकडच्या खडकांकडे. "बग आजी, आता मागचं वलंल." आणि तसंच झालं. मागचा भाग पाणी कापत बाहेर फेकला गेला, होडी आडवी झाली, आडवीच सरकत आली आणि हलकी धक्क्याला टेकली. अडतीस पानं लिहून मला जे समजलं नव्हतं ते समोर घडलं. तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हे तुला तिनं दाखवलं.

दुसऱ्या मुली दोर पकडायला पळाल्या. आपण दोघीच राहिलो. कधीपासून विचारायचं राहिलेलं मी विचारलं.

"ते कार्डाचं तू आईबाबांना सांगितलंस?"

"नाय," तू म्हणालीस, आणि पुढच्या होडीकडे बघायला लागलीस.